होडी सुटली नाही त्या दिवशी

सासूबाई पूजेला बसल्या की मी मुद्दाम भांडी आपटायचे. असं एक अख्खं वर्ष गेलं. माझा संतोष शाळेत जायला लागला न लागला, तोच तापानं गेला. त्याला वाचवायला आम्ही ज्या देवीच्या पायाशी नेलं होतं, तिच्याशी माझं भांडण चालू होतं. देवी असलीच तर बहिरी आहे, असं मी सासूबाईंच्या तोंडावर म्हणायचे. त्या बिचाऱ्या ऐकून घ्यायच्या, कारण नातू त्यांचाही गेला होता.

आमचं घर पळसदेवच्या बाजूला, उजनीच्या पाण्याला लागून. धरणाच्या पाण्यानं ऊस आला, मासे आले, तसे डासही आले. काठाच्या डबक्यांत त्यांची पैदास व्हायची आणि पाऊस सरता सरता घरोघर थंडीताप सुरू व्हायचा. एक दिवस पोर गोधडीत हुडहुडायचं, दुसऱ्या दिवशी घाम येऊन मोकळं व्हायचं आणि खेळायला पळायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा गोधडीत. याला आमच्याकडे तापाची पाळी म्हणत, आणि ती पाळी चुकवायची रीत होती. ज्या दिवशी ताप यायचा, त्या दिवशी पोराला सकाळीच घराबाहेर काढायचं, होडीनं पलीकडच्या काठावर देवीच्या ठाण्याशी न्यायचं आणि दिवसभर तिथंच बसवायचं. ताप घरी येतो, पोर सापडत नाही, आल्या पावली परत जातो, असा समज. सगळं गाव हेच करायचं.

संतोषलाही आम्ही असंच नेलं. नेमका त्याच दिवशी आरोग्य केंद्राचा माणूस वस्तीवर येऊन गेला. तापलेल्या पोरांच्या बोटातून थेंबभर रक्त काचेवर घ्यायचा आणि गोळ्या द्यायचा, हे त्याचं काम. आमच्या दाराला कुलूप होतं. इकडे ठाण्यावर संतोष माझ्या मांडीवर तापत होता, आणि परत येईपर्यंत त्याची शुद्ध गेली होती. इंदापूरला दवाखान्यात नेलं. हिवताप मेंदूपर्यंत गेलाय, असं डॉक्टर म्हणाले. सकाळ व्हायच्या आत सगळं संपलं.

पुढच्या वर्षी त्याच दिवसांत धाकटी मंगल कुडकुडायला लागली. मालक बारामतीला एमआयडीसीत कामावर होते. घरात आम्ही दोघी बायकाच. दवाखान्यात नेऊनही एक पोर गेलंच होतं, त्यामुळे दवाखान्याचं नाव काढायलाही मन धजत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, “संतूच्या टायमाला निगायला उशीर झाला, म्हणून तापानं गाठला त्याला. औंदा झुंजूमुंजू व्हायच्या आत निगू.” ज्या देवीशी मी वर्षभर बोलणं टाकलं होतं, तिच्याकडेच पोरीला उचलून निघाले. आई झालेल्या बाईला कसला आलाय मानापमान!

काठावर पोचलो तर वारं असं सुटलेलं की पाणी काठाबाहेर उडत होतं. होडीवाले तात्या दोर बांधून बसले होते.

“न्हाय जमायचं, वैनी. पोरीला घिऊन बुडायचं हाय का?”

सासूबाईंनी हात जोडले, पाया पडल्या. तात्या हलेनात. मी तिथंच चिखलात बसले आणि पलीकडे तोंड करून देवीला वाट्टेल तसं बोलायला लागले. एक नेलंस, आता दुसरीला घेऊन येतेय तर वाटही अडवतेस? खरं सांगते, इतक्या मनापासून मी तिच्याशी आधी कधीच बोलले नव्हते.

त्याच होडीसाठी एक मासे विकणारी बाई रिकामी पाटी घेऊन थांबली होती. ती जवळ आली आणि तिनं मंगलच्या कपाळाला हात लावला.

“रगात तपासलं का हिचं?”

“आज पाळी हाय, चुकवायची हाय,” सासूबाई म्हणाल्या.

“मावशे, आमीबी लई चुकवल्या. माजी लेक गेली त्यात. ताप का घरात बसलेला असतुय? पोरीच्या रगतात हाय त्यो. ही जाईल तितं त्यो येनार.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “ऊठ. हितं बसून काय करतीस?”

तिनं पाटी तशीच टाकली, मंगलला खांद्यावर घेतलं आणि बांधाबांधानं हमरस्त्याकडे चालू लागली. तिनंच आडवं होऊन दुधाचा टेम्पो थांबवला. इंदापूरला पोचेपर्यंत मंगलचे डोळे फिरले होते. रक्त तपासलं, सलाईन लागलं, त्यातून औषध सुरू झालं. तिचं अंग घामेजून गार पडेपर्यंत ती बाई खाटेच्या पायथ्याशी बसून होती. मग, पाटी कुणी न्यायची, म्हणत उठली आणि गेली. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. पुढं पलीकडच्या गावांत पुष्कळ चौकशी केली, पण पत्ता लागला नाही. सासूबाई म्हणतात, ती देवीच. मी वाद घालत नाही. तिच्या हातांना माशांचा वास होता, तो मंगलच्या झग्याला लागला होता, आणि तो झगा मी कितीतरी दिवस धुतलं नाही.

त्यानंतर आमच्या वस्तीवर पाळी चुकवणं बंद झालं. आता केंद्राचा माणूस येईपर्यंत सासूबाईच तापलेल्या पोरांना घरी थांबवून घेतात, सुई टोचताना त्यांचं बोट धरतात, गोळ्या संपेपर्यंत आयांच्या मागं लागतात. रांजण उपडे करून वाळवतात, हौदात गप्पी मासे सोडतात. ही त्यांची पूजाच आहे, असं मला वाटतं.

दवाखान्यात मंगल उठून बसली, तेव्हा सासूबाई तिला कौतुकानं सांगत होत्या, की देवीनं वारं सोडलं, होडी अडवली आणि तुला हितं धाडलं. पोरगी चहात बिस्कीट बुडवत ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं.

“आये, दादाच्या टायमाला का न्हाय सुटलं वारं?”

सासूबाईंनी पदर तोंडात धरला. मला रडू आवरेना. आजही देवीपुढं बसले की हाच प्रश्न तिच्यापुढं ठेवते, आणि उत्तर काही येत नाही. पण तो विचारणारी माझी लेक जिवंत आहे. तेवढ्यासाठी हात जोडते, आणि संतोषला तिच्या ओटीत घालून उठते.