मुंबईला जाऊन आलेला सात नंबरचा नग

शुक्रवार, १४ नोव्हेंबर १९८६. हजर: मी, आमचे मिस्टर, मनमाडला रेल्वेत नोकरी, आणि त्यांच्या थोरल्या बहीण, विंचूरच्या आक्का. सामान: एक बॅग, लसणाची एक पिशवी, पाण्याची एक बाटली. नाशिकच्या इंदिरानगरातून रिक्षा सकाळी सात वाजता निघाली. लसूण माझ्या मांडीवर.

निमित्त आक्कांच्या नातीच्या बारशाचं. त्यांचा मुलगा विलास चेंबूरला राहतो. एरवी आम्ही रेल्वेनेच गेलो असतो, पण नाशिकहून मुंबईला लहान विमान सुरू झालं होतं आणि ‘एकदा विमानात बसणे’ हे काम माझ्या यादीत बरीच वर्षं पडून होतं. मिस्टरांनी एकच अट घातली. पास असताना आपण तिकीट काढलं, हे मनमाडला कोणाला कळता कामा नये.

मी तंत्रनिकेतनाच्या भांडारात काम करते. त्यामुळे कोणतीही वस्तू नोंदीशिवाय इकडची तिकडे झाली की मला चैन पडत नाही. प्रवासात बॅगेच्या झाकणाला आतून यादी चिकटवते. या वेळी तेरा नग होते.

विमानतळ म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, पुढे माळ आणि माळावर वाऱ्याने फुगलेलं एक कापडी बोंडकं (वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी). विमान लहान, म्हणून सामानाबरोबर माणसांचंही वजन करत होते. आक्का काट्यावर चढल्या आणि म्हणाल्या, “मार्केटात कांदा तोलत्यात तसं हाय हे. लुगड्याचं वजन वजा करा म्हनावं.”

तेवढ्यात एक फौजदार माझ्याजवळ आले. देवरे त्यांचं आडनाव, गाव सटाण्याकडचं. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

“ताई, एक सरकारी काम आहे. कराल का?”

“आधी काम सांगा,” मी म्हणाले.

त्यांनी कागद जरा उघडला. आत लाकडाच्या तीन लाल नळ्या होत्या, वरती बंद पडलेल्या गजराच्या घड्याळाची तबकडी आणि बाजूला पांढऱ्या रंगात आकडा: ७. तो बॉम्बचा नमुना होता, सुताराकडून करून घेतलेला. विमानांत बॉम्ब ठेवण्याची धास्ती तेव्हा सगळीकडे होती. तपासणीच्या टेबलावरच्या हवालदाराला तो सापडतो का, हे त्यांना पाहायचं होतं.

“तुमच्या बॅगेत ठेवा, काही बोलू नका. त्याने पकडला की मी येतो आणि उलगडा करतो. सोमवारी मला चार्ज द्यायचाय. बदली झाली सटाण्याला. सहा वर्षं मागत होतो. बायको, भांडी, गॅस, सगळं पुढे गेलं. ही एक चाचणी राहिलीये.”

“माझीच बॅग का?”

“तुमच्याकडे बघून कोणाला संशय येणार नाय.”

मिस्टर हसले. मी शब्द दिला. नमुना टॉवेलाखाली ठेवला आणि पेन काढून यादीत लिहिलं: ‘१४. बॉम्ब (नमुना), नग १.’ एवढं केल्यावर मला बरं वाटलं.

आमचा नंबर आला आणि नेमका कोणीतरी देवऱ्यांना मुंबईचा फोन आलाय म्हणून बोलवायला आलं. ते “आलोच” म्हणून पळाले.

हवालदारांनी बॅग उघडली. यादी बघून त्यांचा चेहराच बदलला.

“बाई, सगळे असं करतील तर माझी कंबर तरी वाचेल,” ते म्हणाले आणि एकेक नग मोठ्याने वाचायला लागले. “साडी, तीन.”

“आहेत.”

“झबलं-टोपडं, एक.”

“आहे.”

“बॉम्ब, नमुना, एक.”

मी दाराकडे पाहिलं. देवऱ्यांचा पत्ता नव्हता. काही बोलायचं नाही असा शब्द दिला होता, पण खोटंही बोलता येईना.

“आहे,” मी म्हणाले.

त्यांनी टॉवेल उचलला, नमुना हातात घेतला, उलटा करून आकडा पाहिला. “नंबर टाकलाय. सरकारी माल दिसतोय,” म्हणाले, यादीवर बरोबरची खूण केली आणि नमुना माझ्यापेक्षा नीट ठेवला. मग बॅगेवर खडूने फुली मारली.

त्यानंतर मात्र तपासणी कडक झाली. मिस्टरांच्या बॅटरीतले सेल काढून घेतले. लसणाच्या पिशवीत कोपरापर्यंत हात घातला. यंत्र आक्कांच्या चंचीपाशी (कमरेची पानसुपारीची पिशवी) वाजलं आणि अडकित्ता निघाला.

“हे हत्यार आहे, आजी.”

“सुपारीला इचार हत्यार हाय का ते,” आक्का म्हणाल्या. अडकित्ता जप्त झाला. पावती मी घेतली.

बाहेर धावपट्टीजवळ सगळं सामान ओळीने मांडलं होतं. प्रत्येकाने आपली बॅग ओळखायची, मगच ती विमानात चढणार. बेवारशी बॅगेत बॉम्ब असू शकतो, असं तिथल्या माणसाने समजावून सांगितलं.

मी म्हणाले, “ही माझी. पण हिच्यातली एक वस्तू इथल्या साहेबांची आहे, ती काढून द्यायचीये.”

“खडू लागलाय ना?”

“लागलाय.”

“मग आता उघडता येत नाय. सुरक्षेचा प्रश्न आहे.”

विमान हललं तेव्हा मला खिडकीतून देवरे दिसले. कुंपणाकडेने टोपी हातात घेऊन पळत होते, दोन्ही हात हलवत होते. आक्कांनीही हात हलवला. “लय मायाळू मानूस,” त्या म्हणाल्या. “ओळख ना पाळख, पोचवायला आला.”

वरून गंगापूर धरण ताटलीएवढं दिसलं. त्र्यंबकचे डोंगर उन्हात तांबूस होते आणि पलीकडे कसाऱ्याचा घाट म्हणजे जमिनीला पडलेली चुणी. मिस्टर मान वाकडी करून रूळ शोधत राहिले आणि एक मालगाडी दिसल्यावर त्यांचा जीव शांत झाला. खायला एक लिमलेटची गोळी आणि कानात घालायला कापूस मिळाला. आक्कांनी दोन्ही जपून चंचीत ठेवलं. मला काही फार बघता आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर तो धावणारा माणूस होता. साठ्यातला एक नग कमी असला की चार्ज होत नाही, हे भांडारातल्या माणसाला कोणी सांगावं लागत नाही. चार्ज नाही तर सटाणा नाही.

चेंबूरला पोचल्या पोचल्या देवऱ्यांना तार केली: नग सुरक्षित, सोमवारी आणते. बारसं छान झालं. जयभीम म्हणत माणसं येत राहिली, पाव-मटणाच्या पंगती उठल्या. बॅग कपाटावर होती, तरी शेजारच्या बाईंनी नमुना शोधून काढलाच. रंगीत आहे, पाळण्यावर टांगायला बरा, असं त्यांचं मत पडलं. विलासला तो काय आहे ते सांगितल्यावर तो दोन रात्री गॅलरीत झोपला.

रविवारी रेल्वेने परत. कोणीही काही तपासलं नाही. टीसीने मिस्टरांचा पास पाहिला, इगतपुरीला आम्ही वडे खाल्ले, आणि विमानात वडे मिळत नाहीत हे मिस्टरांनी डब्यातल्या सगळ्यांना सांगितलं. आपण विमानाने गेलो होतो, हे त्यात उघड झालं.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी विमानतळाच्या फाटकाशी हजर झाले. फाटकावर तेच हवालदार होते. अडकित्ता त्यांनी पावती बघून लगेच दिला. नमुना पाहिल्यावर आडवे आले.

“बॉम्ब आत नेता येत नाही, बाई.”

“शुक्रवारी तुम्हीच नेऊ दिलात.”

“शुक्रवारी तो बाहेर चालला होता. आज आत येतोय.”

“अहो, तो तुमचाच आहे.”

“आमचा असता तर आत असता. जावक पास दाखवा, त्यावरून आवक पास करतो.”

जावक पास कुठून असणार? देवरे आतून धावत आले. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली.

“घे रे ताईंकडून,” ते म्हणाले.

“साहेब, तुम्ही दहा वाजता चार्ज सोडला,” हवालदार अदबीने म्हणाले.

नव्या फौजदारांनी अजून सही केली नव्हती, कारण सात नंबर मिळत नव्हता. जुन्यांनी सोडलेला आणि नव्यांनी न घेतलेला चार्ज मध्येच लोंबकळत होता, आणि तेवढ्या वेळापुरतं फाटक हवालदारांचं होतं.

देवरे गजांना धरून मला म्हणाले, “ताई, चारनी गाडी शे (चारची गाडी आहे). तिकीट काढलंय.”

मी विचारलं, “चार्ज देताना वस्तू हातात द्यावी लागते, की नव्याने बघितली तरी चालते?”

देवरे तसेच आत पळाले. नवे फौजदार रजिस्टर घेऊन आले. तरुण, चष्मा, शर्टाला कडक इस्त्री. मी नमुना दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला.

“सात नंबर. दिसला,” ते म्हणाले. “स्थिती?”

“चांगली. मुंबईला जाऊन आलाय.”

“ताबा कोणाकडे?”

देवरे माझ्याकडे बघत होते. मी माझं नाव आणि हुद्दा सांगितला. रजिस्टर गजांमधून बाहेर आलं, मी सही केली. आत दोन सह्या झाल्या. देवऱ्यांनी चाचणीचा शेरा उभ्यानेच लिहिला, ‘अंशतः यशस्वी’, ट्रंक उचलली आणि मला हात जोडून स्टँडकडे निघाले.

ही तपासणी कितपत उपयोगाची, असं ओळखीचे लोक विचारतात. सेल पकडले, अडकित्ता पकडला, लसूण तपासला, बॉम्ब तेवढा गेला. पण परत येताना अडवला, हेही सांगितलं पाहिजे.

देवरे सटाण्याला पोचले, त्यांचं पत्र आलं. नमुना आमच्या कपाटावर आहे. तो आत जायचा तर जावक पास मागच्या तारखेने मंजूर व्हायला हवा, त्यासाठी अर्ज करायला हवा. अर्जाचा छापील फॉर्म मी आणून ठेवलाय. नाव, पत्ता, वस्तूचं वर्णन, सगळं भरून झालं. ‘वस्तू बाहेर नेण्याचं कारण’ हा रकाना तेवढा कोरा आहे.