चैताची हमी

भिजलेल्या मोहफुलांचा आंबूस वास आला की मी आजही मान खाली घालतो.

शेजारच्या सुगरताकाकीनं अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. तिचं वर्षाचं तेलमीठ त्यावरच. मी तिची ताडपत्री आमच्या क्रिकेटच्या मंडपाला मागितली.

"अन् पानी आला तं, बापू?"

"चैतात कुठं पानी येते, काकी? माही हमी!" जसा काही चैत माझा सख्खा मेहुणा.

संध्याकाळी गारांसकट पाऊस कोसळला. ताडपत्रीखाली मी कोरडा, अंगणात फुलांचा चिखल.

काकी म्हणाली, "तू तं जलमाचा लबाड. पन चैत कायले खोटा पडला रे?"

आता दर चैतात ढग येतात. काकी ताडपत्री कोणालाच देत नाही. ऊन न मिळाल्यानं झाकलेली फुलं ताडपत्रीखालीच आंबतात. त्यात माझा काहीच गुन्हा नसतो, हेच जास्त खुपतं.