कार्डावर घातलेलं नाव

आमच्या धाकट्या नणंदेच्या यजमानांएवढा कायदा अख्ख्या बोईसरात कुणाला कळत नाही. हे मी नाही, ते स्वतःच सांगतात. कारखान्याच्या स्टोअरमध्ये उभा जन्म गेला, त्यामुळे बिननावाची वस्तू दिसली की जीव कासावीस. निवृत्त झाल्यावर भांड्यांवर नावं घालायचं मशीनच घरी आणलं. तवा, झारा, बाथरूमचा मग, काही म्हणता काही सुटलं नाही. आहेराच्या पातेल्यावर घेणाऱ्याचं नाव मुंगीएवढं आणि यांचं स्वतःचं अर्ध्या पोटावर!

त्यात गिफ्ट कार्डांच्या फसवणुकीच्या बातम्यांचा नाद लागला. हे भावजी केळव्याला आमच्याकडे बारशाला आले, तर पाळण्यापाशी उभं राहून व्याख्यान. "वहिनी, तोतया बनून फसवलं की कलम तीनशे एकोणीस. पाच वर्षं आत! कार्डाचा नंबर सख्ख्या बायकोलाही सांगायचा नाही." बाळाने भोकाड पसरलं, तेव्हा कुठे थांबले.

माझ्या नातीच्या, प्रणालीच्या लग्नाला मात्र त्यांनी कार्डच घेतलं, पाच हजारांचं. मी आमंत्रणाला बोईसरला गेले, तर यांचा व्हिडिओ कॉल चालू. पडद्यावर कुणी खाकीवाला, आणि भावजी बनियनवर शर्ट चढवून ताठ उभे. "आपके नाम का पार्सल पकडा है. जुर्माना गिफ्ट कार्ड से भरो. नंबर पढो, नहीं तो अंदर!" कुठलं कोर्ट गिफ्ट कार्डावर दंड घेतं हो? पण कलमं पाठ असलेला माणूस कलमालाच आधी घाबरतो.

"अवो, ठेवा तो फोन! चोर हाय तो!" नणंद ओरडली.

"गप गं. साहेब बोलतायत."

कार्ड उलटं केलं आणि चेहरा पडला. नंबराच्या चंदेरी पट्टीवरूनच आदल्या दिवशी यांनी नाव घालायचं मशीन फिरवलं होतं.

"साब, नंबर दिखता नहीं. नाम दिखता है."

"किसका नाम?"

"मेरा. नीचे छोटा प्रणाली का."

पलीकडून एक कचकचीत शिवी आली आणि कॉल कटला.

मी म्हटलं, "चला पोलिसांत, लावू तुमचं तीनशे एकोणीस." तर कार्ड खिशात घालून म्हणाले, "तिथे लिहून द्यावं लागेल ना वहिनी, की मी नंबर वाचायला निघालो होतो." कायदा आहे हो जागेवर, पण त्याच्या दारात जायचं तर आधी 'मी फसत होतो' म्हणावं लागतं. तेवढं एक यांना पाठ नव्हतं.

लग्नाला स्टीलची कळशी घेऊन आले. कोपऱ्यात बसून जेवले, तोंडातून एक कलम नाही. रात्री आहेर उलगडला, तर कळशीवर प्रणालीचं नाव ठसठशीत, खाली तारीख. त्यांचं नाव कुठेच नाही.

मला काही राहवेना. दोन दिवसांनी कळशी मांडीवर घेऊन रिक्षाने बोईसर गाठलं आणि त्यांच्यापुढे ठेवली. "भावजी, अर्धं राहिलंय."

त्यांनी चष्मा पुसला. मग मशीन लावलं, आणि घातलं आपलं नाव. मुंगीएवढं.