आधी काय विचारलं

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते वाटूरच्या मामीचं. तिने मला शाळेसाठी घरी ठेवून घेतलं नसतं, तर आमच्या घराण्यात कोणी पदवीधर झालाच नसता.

बी.ए. होऊन मी नव्याने निघालेल्या विकास कचेरीत लागलो. थोड्याच दिवसांत साहेबांनी मला पाहणीसाठी वाटूरलाच धाडलं. तिथला सरकारी दवाखाना दुसऱ्या गावी हलवायचं चाललं होतं. लोक समाधानी दिसले तरच तो राहणार होता. मामीचे गुडघे त्याच दवाखान्याच्या औषधावर चालत होते.

कचेरीने ठरवलेल्या क्रमाने मी विचारत गेलो. औषध कडू लागतं का? फार वेळ बसावं लागतं का? कंपाउंडर खेकसतो का? आणि शेवटी, एकंदरीत समाधानी आहात का?

या शेवटच्या प्रश्नाला जो तो म्हणे, "न्हाई." मामीसुद्धा.

"अगं मामी, परवा तर तूच कौतुक करत होतीस."

"मंग? कडू हाय का, खेकसतो का, समदं तूच उकरून राह्यलास. तोंड कडू करून वर इचारतोस, खूश हायेस का."

दुसऱ्या दिवशी समाधानाचा प्रश्न मी पहिला घेतला. पारावरच्या म्हाताऱ्याने हात जोडले. "समाधान हाय बापा. तुमच्या घरी समदे खुशाल?" लोकांना तो रामराम वाटला. सगळं गाव समाधानी निघालं.

दोन्ही दिवसांचे कागद साहेबांपुढे ठेवून मी खरं ते सांगितलं. कालचं 'न्हाई' आमच्या प्रश्नांनी आणलं होतं, आजचं 'हाय' नुसत्या रीतीने.

साहेब हसले. "सोयीचा कागद तेवढा द्यायचा होता की. आता ठरवायचं कसं?"

"समाधानाचं विचारूच नका, साहेब. दवाखाना हलवला तर काय कराल, एवढंच विचारू."

साहेब स्वतः आले आणि मामीच्याच दारात त्यांनी तो प्रश्न टाकला.

"कोन हलवून राह्यलंय?" मामी पदर खोचत म्हणाली. "आधी त्याला हितं बोलवा."

गल्लीतल्या बायका बाहेर आल्या. चहा घेतल्याशिवाय साहेबांची सुटका झाली नाही.

हुकूम निघाला त्या दिवशी मी मामीला पत्र टाकलं:

"मामी, पाया पडतो. दवाखाना वाटूरलाच राहिला. शाळेतून आल्यावर तू आधी 'जेवतो का' विचारायचीस आणि मार्क मागून. उलटं विचारलं असतंस, तर गणिताच्या दिवशी घास उतरला नसता. शनिवारी येतो. पहिला प्रश्न तोच विचार."