कुलूपबंद कपाटातले तानपुरे

मी एकतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली. दिवा लाल असला तर तो लाल का आहे याचं कारण शोधलं की सापडतंच, एवढी एकच माझी श्रद्धा. घरात भुताखेताचा विषय निघाला की मी उठून गॅस बंद आहे का ते बघायला जातो. त्यामुळे इथले अनुभव वाचून आजवर मनातल्या मनात हसतच आलोय – माफ करा. आज स्वतःच लिहायला बसलोय, तेव्हा हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

उज्जैनला फ्रीगंजमध्ये, टावर चौकातून आत वळून दोन गल्ल्या सोडल्या की आमच्या मराठी मंडळींचं जुनं गायनगृह आहे. मोठा हॉल, लाकडी मंच, बाजूला लांब ओसरी, वर तीन खोल्या. एके काळी दर महिन्याला इथे बैठक व्हायची. मग ऐकणारे म्हातारे झाले, त्यांची मुलं बंगलोरला गेली, आणि हॉलमध्ये मोडक्या खुर्च्या आणि कबुतरं तेवढी उरली. एका फर्निचरवाल्याने शोरूमसाठी जागा मागितली, आणि ट्रस्टची निम्मी मंडळी हो म्हणायच्या बेतात होती.

तेवढ्यात माझी भाची सानिका पुण्याची नोकरी सोडून घरी आली. आर्किटेक्ट आहे, आणि डोक्यात काही घेतलं की ऐकत नाही – आईवर गेलीय.

"मामा, हॉल गाण्यालाच ठेवायचा," ती म्हणाली. "ओसरीवर चहा-कॉफी आणि पोहे. वर एका खोलीत रेकॉर्डिंग, एकीत लॅपटॉपवाल्यांना टेबलं, एकीत चित्रांचे आणि मातीकामाचे वर्ग. रोज माणसं आली ना, तर गाणं पण जगेल."

ट्रस्टने सांगितलं, एक कार्यक्रम करून दाखवा, मग बापूकाका सही करतील. काकांनी सही केली तर जागा सानिकाकडे, नाहीतर शोरूम. सगळं त्या एका सहीवर अडलं होतं, आणि ती मिळेल अशी लक्षणं काही दिसत नव्हती.

बापूकाका म्हणजे आमचे सगळ्यात ज्येष्ठ ट्रस्टी. वय त्र्याऐंशी. तरुणपणी ते याच मंचावर गायचे, आणि काय गायचे असं आई सांगायची. इथे दत्तू नावाचा एक माणूस होता, तानपुरे जुळवणारा. गाणाऱ्याचा आवाज एकदा ऐकायचा, पट्टी विचारायचीही नाही, आणि तानपुरे तयार. काका आणि तो जिवाभावाचे मित्र. दत्तू गेला तेव्हा काकांनी जाहीर केलं, "दुसऱ्याने लावलेल्या तानपुऱ्यावर मी गाणार नाही." आणि खरंच नाही गायले! पस्तीस वर्षं होऊन गेली असतील. कॅफेचं ऐकल्यावर तर त्यांनी कपाळावर हातच मारला. "गाण्याच्या घरात कपबश्या वाजणार? अच्छा है, बहुत अच्छा है," असं म्हणून ते तोंड फिरवून बसले.

तरी आम्ही कामाला लागलो. रंग झाला, मंच पॉलिश झाला, कबुतरांची समजूत काढली. दोन जुने तानपुरे दुरुस्त करून आणले. तानपुरे ठेवून द्यायचे तर तारा सैल करून ठेवतात, तसे सैल करून मी ते मंचामागच्या कपाटात ठेवले. कपाटाला टावर चौकातून नवीन कुलूप आणलं आणि त्याच्या दोन्ही किल्ल्या माझ्या जानव्याला बांधल्या. बायको हसते, पण या सवयीमुळे माझी एक किल्ली आजवर हरवलेली नाही. हे कृपया लक्षात ठेवा.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी सहाला. गायक इंदूरहून येणार होते, त्यांची पट्टी पांढरी दोन, म्हणजे पेटीची दुसरी पांढरी पट्टी हा त्यांचा सा. सकाळी दहाला मी कपाट उघडलं. सानिका थोडं गाणं शिकलेली आहे, तिने सहज तारांवरून बोट फिरवलं आणि थबकली.

"मामा, हे जुळलेत. कोणी लावले?"

"कोण लावणार? मी सैल करून ठेवलेत."

तिने मोबाईलवर सूर दाखवणारं ॲप काढलं. दोन्ही तानपुरे, आठही तारा – पांढरी एक. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ॲपचा हिरवा दिवा कळतो. आठही वेळा हिरवा.

मी लगेच कारण शोधलं. दुरुस्तीवाल्याने तशा लावून दिल्या असतील आणि मी सैल करायचं विसरलो असेन. वयाचा परिणाम! सानिकाने पटापट पुन्हा लावल्या, पाहुण्यांच्या पांढरी दोनमध्ये. तानपुऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवतात, त्याने तो झंकार येतो. तिने आपल्या शिवणाच्या डब्यातला पांढरा धागा घातला. बाहेर सुतारकाम चालू होतं, धूळ बसायला नको म्हणून तानपुरे परत कपाटात ठेवले, कुलूप लावलं, किल्ल्या जानव्याला.

दुपारी दोनला उघडलं… पांढरी एक!

बरं, उन्हाने तारा उतरतात हे मला माहीत आहे. पण आठ तारा, दोन वेगवेगळ्या लाकडांवर, सारख्याच उतरून नेमक्या एका पट्टीत थांबतात? आणि सकाळी तर सैल तारा वर चढल्या होत्या. सानिकाने घोडीकडे बोट दाखवलं. तारांखाली तिचा पांढरा धागा नव्हता. लाल होता.

खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. माझा संताप झाला. आजच्या दिवशी कोण आपली मस्करी करतंय? सुताराला विचारलं. तो म्हणाला, "साब, मैं तो उधर देखा भी नहीं. चाबी तो आपके पास है ना?" चाबी माझ्याजवळच होती. पाहुणे आल्यावर पुन्हा लावू म्हणून तानपुरे तसेच मंचावर ठेवले.

चार वाजता पाहुण्यांचा फोन आला. म्हणजे नंबर त्यांचा होता, आवाज जुन्या दाराच्या बिजागरीचा. घसा पूर्ण बसला होता, बिचारे माफी मागत होते आणि तीही धड मागता येत नव्हती. सानिका मंचाच्या पायरीवर मटकन बसली. तबलजी आले होते, पेटीवाले आले होते, ओसरीवर पोह्यांचा घमघमाट सुटला होता, आणि गाणारा नाही. "झालं मामा," ती म्हणाली, "आता शोरूमच." तिचे डोळे भरून आले. मी उगाचच एक खुर्ची पुसत राहिलो.

पाच वाजता बापूकाका आले, अर्थात चुका काढायला. काठी टेकत ओसरी बघितली, कपबश्या बघून नाक मुरडलं, हॉलमध्ये आले. तानपुरे मंचावर होते. त्यांनी जाता जाता एकाच्या तारा छेडल्या. आणि मग पुन्हा छेडल्या. हॉलभर तो आवाज भरून राहिला, माझ्यासारख्या ठोंब्याच्याही अंगावर काटा आला.

"अवि, कोणी लावले रे हे?"

मी सगळं सांगितलं. किल्ल्या, ॲप, पाहुण्यांचा घसा, सगळं एका दमात. ते ऐकत नव्हते. वाकून घोडीकडे बघत होते.

"हा लाल धागा…" त्यांनी बोटाने तो चाचपला. "दत्तूच्या मनगटाला महाकालचा दोरा असायचा. त्यातलाच तंतू काढून घालायचा तो. मी हमेशा चिडवायचो त्याला, अरे, साधं सूत मिळत नाही का बाजारात?"

"काका, तुमची पट्टी पांढरी एक होती का?" सानिकाने हळूच विचारलं.

"नाही ग पोरी. माझी काळी एक. सगळ्या उज्जैनला ठाऊक होतं." ते खाली बसले. "आवाज उतरला आता. आंघोळ करताना गुणगुणतो ना, ते पांढरी एकमध्ये. पण हे माझ्या न्हाणीघराशिवाय कोणालाच माहीत नाही."

मग काका एकदम हसायला लागले. डोळ्यातून पाणी, आणि हसतायत! "बदमाश आहे साला," ते म्हणाले, "अजून आवाज ऐकतोय माझा." आणि काठी माझ्या हातात देऊन मंचावर चढले.

सहा वाजता हॉल भरला होता. मागच्या ओळीत लॅपटॉपवाली पोरं भिंतीला टेकून उभी होती. सानिका काकांच्या मागे तानपुरा घेऊन बसली. पहिला सा लावताना काका थोडे हलले, दुसऱ्याला स्थिर झाले, आणि मग त्र्याऐंशी वर्षांच्या त्या माणसाने दीड तास असं गायलं की पेटीवाले मध्येच वाजवायचं विसरले. मध्यंतरात काकांनी स्वतः कॉफी मागवली. बशी वाजली, कोणी काही बोललं नाही.

कार्यक्रम संपल्यावर सानिकाने फाइल पुढे केली. काकांनी सही केली, पेन बंद केलं आणि मला म्हणाले, "एक अट आहे. त्या कपाटाचं कुलूप काढ. इतक्या वर्षांनी कामावर रुजू झालाय, दार कशाला लावायचं?"

मी कारण शोधायचं अजून सोडलेलं नाही. दुरुस्तीवाल्याला दोनदा विचारून आलो, त्याच्याकडे लाल धागा नाही. कुलूप उघडून तपासलं, ठीक आहे. हा दिवा लाल का होता ते मला सापडलेलं नाही, आणि गंमत म्हणजे त्याचं वाईटही वाटत नाही. किल्ल्या जानव्यातून सोडवल्यात. येत्या शनिवारी अकरावीतल्या एका मुलीचं पहिलं गाणं आहे. काल बिचारी घाबरत मला विचारायला आली, "काका, तानपुरे कोण लावणार? मला नीट जमत नाहीत."

मी म्हटलं, "तू फक्त एकदा इथे येऊन गाऊन जा. आमचा माणूस आहे."