दुपारच्या ट्राममध्ये मी असते

नऊ नंबरच्या ट्रामच्या थांब्यावर माझी टपरी आहे. वर्तमानपत्रं, सिगारेटी, ट्रामची तिकिटं आणि कबरींवर लावायचे दिवे एवढंच मी विकते. टपरीची खिडकी इतकी बुटकी आहे की गिऱ्हाइकाचं तोंड बघायला मला वाकावं लागतं, म्हणून मी माणसं हातांवरून ओळखते. लेओकाद्याबाईंचा हात मात्र त्या खिडकीतून कधी आत आला नव्हता. त्या सिगारेट ओढत नाहीत, वर्तमानपत्राला खोटारडं म्हणतात, आणि सत्तरी ओलांडलेल्यांना आमच्या शहरात ट्राम फुकट आहे.

लेओकाद्या शिमचिक. वय शहात्तर, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. समोरच्या सूतगिरणीत त्यांनी उभा जन्म काढला. एकदा नाताळच्या आदल्या संध्याकाळी मुकादमानं बायकांना पाळीला थांबवून घेतलं. बाईंनी घरून मासे, बीटचं सार आणि पांढरी चादर मागवली, यंत्र बंद केलं, त्यावर चादर अंथरली आणि सगळ्यांना वाढलं. अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी रीतीप्रमाणे एक ताट जास्तीचं मांडलं होतं. मुकादम ओरडत आला, तर त्यालाच त्या ताटावर बसवलं. माझी आई त्या पंगतीत होती, म्हणून मला ठाऊक.

ट्रामही त्या गिरणीसाठीच टाकलेली. गिरणी बंद पडली, तिच्या जागी दुसरं काही आलं नाही, ट्राम मात्र चालू राहिली. दर अर्ध्या तासाला एकच डबा सुटायचा. या टोकाला गिरणीचा चौक आणि माझी टपरी, त्या टोकाला नदीपलीकडे पाइनचं जंगल आणि शुश्रूषागृह. बाईंचा नवरा झेनॉन तिथं होता. अर्धांगाच्या झटक्यानं त्याची एक बाजू गेली, बोलणं गेलं. नर्सचा चमचा पुढे आला की तो दात घट्ट मिटून घ्यायचा. खायचा फक्त बायकोच्या हातून. न खाल्लं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. बाईंनी डॉक्टरांना सांगून ठेवलं होतं की मी जिवंत असेपर्यंत ते होणार नाही. भेटायला सोडायचे बारा ते दोन. म्हणून रोज दुपारी त्या कोंबडीचं सार काचेच्या बरणीत भरायच्या, बरणी लोकरीच्या मफलरात गुंडाळून कोटाच्या आत धरायच्या, आणि ट्राममध्ये चढायच्या.

नोव्हेंबरात थांब्यावर कागद लागला. प्रवासी नसल्यामुळे फेऱ्या कमी करत आहोत, पुढच्या महिन्यापासून सकाळी नऊ ते दुपारी तीन ट्राम नाही. बाईंनी कागद दोनदा वाचला आणि मला विचारलं, याच्यावर सही केलेला माणूस कुठं भेटतो.

तो चर्चच्या सभागृहात भेटला. वाहतूक खात्याचे रादोश साहेब लोकांना समजावून सांगायला आले होते. माणूस सभ्य होता, आणि तेच मला जास्त झोंबलं. त्यानं भिंतीवर प्रवाशांच्या आकड्यांचं चित्र दाखवलं. सकाळच्या आणि संध्याकाळच्या काड्या उंच, दुपारची काडी जमिनीला चिकटलेली. "दुपारी ट्राममध्ये कोणी नसतं," तो म्हणाला.

लेओकाद्याबाई खुर्चीचा आधार घेऊन उठल्या. "मी असते."

"आजी, तुम्ही तिकीट काढता का?"

"मी तुमची आजी नाही. असते तर तुम्हाला मोजायला शिकवलं असतं. आणि मला ट्राम फुकट आहे, तुम्हीच केलीय."

"तेच तर, बाई. आम्ही तिकिटावर पडलेले शिक्के मोजतो. तुमचा शिक्का पडत नाही, म्हणून तुम्ही मोजणीत येत नाही."

"म्हणजे मी बसते ती जागा रिकामी असते?"

"आकड्यात, हो," साहेब म्हणाला. खोटं तरी बोलायचं होतं मेल्यानं. सभागृहात सगळी पांढरी डोकी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीतून एक हात आत आला. सुतानं चिरलेली बोटं, वाकडी करंगळी. मी वाकून बघितलं.

"एक तिकीट दे, बोझेना."

"तुम्हाला फुकट आहे, लेओकाद्याबाई. डोकं ठिकाणावर आहे ना?"

"फुकटात मी दिसत नाही गं. विकत दिसते का बघते."

बाईंची पेन्शन औषधांतच जाते. मी म्हटलं, झेपणार कसं, तर म्हणाल्या, चहातली साखर सोडलीय. मला आधी हसू आलं, मग इतका राग आला की सुटे पैसे मी फळीवर आपटले.

ट्रामच्या दाराशी एक पिवळं यंत्र असतं. तिकीट आत खुपसलं की खट्ट आवाज करून शिक्का मारतं. ड्रायव्हर म्येतेक म्हणायचा, दुपारी तो आवाज तो विसरूनच गेला होता. त्या दिवशी तो एकदा झाला. आठवडाभरानं म्हाताऱ्यांची माझ्या खिडकीशी रांग लागायला लागली. नदीपलीकडे ज्यांचं कुत्रंसुद्धा नव्हतं तेही निघाले. चर्चमध्ये गाणारे बुवा आले, पाद्रीबाबांची स्वयंपाकीण आली. खट्ट, खट्ट, खट्ट. ट्राममध्ये बसून सफरचंदं खायची, एकमेकांच्या जुन्या भानगडी काढायच्या आणि त्याच डब्यानं परत यायचं. फक्त बाईंच्याच इमारतीतली, तिसऱ्या मजल्यावरची हुदेत्स्का तेवढी आली नाही. फुकट मिळतंय ते सोडून विकत घेते, म्हातारी चळलीय, असं ती माझ्याच टपरीसमोर उभी राहून सगळ्यांना सांगायची.

इतकी तिकिटं खपलेली बघून वर कुणाला तरी शंका आली असावी, कारण एका दुपारी तपासनीस चढला. पुढचं मला म्येतेकनं सांगितलं. तपासनिसानं बाईंचं तिकीट बघितलं, मग ओळखपत्र बघितलं आणि म्हणाला, तुम्हाला तिकीट लागत नाही.

"मग दंड करा."

"कशाचा?"

"तिकीट असल्याचा. आणि लवकर करा, सार थंड होतंय."

म्येतेकला हसू आवरेना, त्यानं पुलावरच ट्राम थांबवली. तपासनीस लाल झाला. पुढच्या थांब्यावर तो उतरला, पण ट्राम भरलेली होती हे त्याला लिहावंच लागलं.

फेऱ्या कापल्या त्या कापल्याच. नऊ ते तीनमधली एकच राहिली, दुपारची. बाकीचे म्हातारे कुरकुरले की एवढं करून मिळालं काय. बाई म्हणाल्या, मला एकच लागते. रोज तिकीट घ्यायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. सगळा हिवाळाभर बरणी पलीकडे जात राहिली आणि झेनॉनच्या नाकात नळी गेली नाही. मार्चमध्ये तो गेला, बायकोच्या हातचं सार पिऊन, दुपारच्या झोपेत. बाईंनी माझ्याकडून कबरीवरचा दिवा नेला. मी पैसे घेतले नाहीत, यावर त्या माझ्याशी भांडल्या.

त्या आठवड्यात दुपारची ट्राम जवळजवळ रिकामी गेली. म्येतेक जरा वेळ थांबायचा, माझ्याकडे बघायचा आणि निघायचा.

मग सोमवारी वाकड्या करंगळीचा हात खिडकीतून आत आला. मी वाकले. काळा रुमाल बांधलेला होता, कोटाच्या आत बरणी नव्हती.

"लेओकाद्याबाई," मी म्हटलं, "आता पलीकडे कोण आहे?"

"हुदेत्स्काचा नवरा. काल नेऊन ठेवलाय त्याला."

"ती तर तुम्हाला वेडी म्हणत होती."

"म्हणू दे. तिच्या एकटीच्या शिक्क्यावर ही गाडी टिकायची नाही. तिकीट दे."

मी दिलं. हुदेत्स्का मफलरात काहीतरी गुंडाळून आधीच आत बसली होती आणि मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघत होती. बाई एकेक पाय उचलत पायरी चढल्या. आतून खट्ट आवाज आला आणि म्येतेकनं दार लावलं.