आल्तारावर ठेवलेली ऑलिव्हची बरणी

"एंटेरिक फीवर," ठाण्याच्या सरकारी दवाखान्यातले पारशी डॉक्टर म्हणाले. मग माझी बायको इसाबेल हिच्याकडे वळून त्यांनी सोपं करून सांगितलं, "आतड्याचा ताप. आतड्याला आतून जखमा होतात. पाणी उकळून द्या, घट्ट काही देऊ नका आणि धीर धरा."

मी पेद्रू, धंद्यानं सुतार. कल्याणला एका वखारीचं छप्पर घालायला गेलेलो, तिथल्या विहिरीचं पाणी मला बाधलं. माझ्याबरोबरचे गडी तेच पाणी प्यायले आणि ठणठणीत राहिले, ह्याचा राग माझा अजून गेलेला नाही. पाद्रेंच्या शाळेत चार बुकं शिकलो म्हणून हे लिहायला बसलोय. ताप उतरला म्हणजे आजार संपला असं ज्यांना वाटतं, त्यांनी जरूर वाचावं.

दवाखान्यातल्या खाटेवर मी तापत पडून राहिलो. दिवस कुठला, रात्र कुठली, काही कळत नव्हतं. इसाबेल व्हरांड्यात बसायची आणि डॉक्टर बाहेर आले की उभी राहायची. तिनं विचारलेलं त्यांना आवडो न आवडो, ती विचारायचीच. अखेर डॉक्टर म्हणाले, "घरी न्यायचं असेल तर न्या. मला करायचं ते मी केलंय."

घरी नेलं आणि पाद्रे आले. आम्हा किरिस्तावांत माणूस जायला लागला की पाद्रे येऊन तेल लावतात. डोळ्यांना, कानांना, ओठांना, हातापायांना बोटानं थोडं थोडं तेल आणि तोंडानं लॅटिन प्रार्थना. मला ते अर्धवट आठवतं. गार बोट लागल्याचं आठवतं आणि कोपऱ्यात आई गुडघ्यांवर बसलेली आठवते.

त्यानंतर ताप उतरायला लागला. शेजारपाजारचे येऊन बघून गेले. एकानं तर तोंडावर सांगितलं की तुझ्या मयताच्या पेटीसाठी फळ्या काढून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, सागाच्या आहेत का ते सांग, आंब्याच्या असतील तर मी जाणार नाही.

पण आई हसली नाही. माझी आई, कत्रीन, खाडीकाठची बाई, उभा जन्म मासळीच्या पाटीखाली गेलेला. तिनं इसाबेलला बाजूला घेऊन बजावलं, "तेल लागलेला माणूस देवाचा झाला. त्याला मासळी, मटण, तूप चालायचं नाही. पेज द्यायची."

मग पेज सुरू झाली. सकाळी पेज, दुपारी पेज, तिन्हीसांजेला पेज. आई ती इतक्या मायेनं भरवायची की नको म्हणायची सोय नव्हती. इसाबेल चोरून अंडं उकडायची, तर मला त्याच्या वासानंच मळमळायचं. भूक मेली होती. मांडीचं हाड हाताला लागायला लागलं आणि उठून बसलो की डोळ्यांपुढे अंधारी यायची. आगीतून निघालो होतो तो फुफाट्यात पडलो.

इसाबेलनं मला बैलगाडीत घालून पुन्हा दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी पापणी ओढून बघितली, पाय दाबून बघितला.

"डेबिलिटी," ते म्हणाले. "अंगातली ताकद सरलीय. अरे, ताप कधीच गेला, आता तुला उपासमार मारणार. असाच राहिलास तर महिना निघायचा नाही. तुझ्या अंगात स्निग्ध काहीतरी गेलं पाहिजे."

आधी त्यांनी कॉडलिव्हर ऑइल दिलं, म्हणजे माशाच्या काळजाचं तेल. मासा आमच्या घरचाच, पण ते तेल माशाच्या नावाला बट्टा आहे. एक चमचा आत गेला की दोन चमचे बाहेर. डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. मग उठले आणि आतल्या कपाटातून स्वतःच्या जेवणातली काचेची बरणी घेऊन आले.

बरणीत मिठाच्या पाण्यात हिरवी फळं होती. भोकरापेक्षा थोडी मोठी, हिरव्यात पिवळी झाक मारणारी. "ऑलिव्ह," ते म्हणाले. "सावकाश चाव. बी टाकून दे."

मी ते तोंडात घातलं. आधी खारट, मग कडसर, आणि त्या कडूच्या मागून काहीतरी मऊ, लोण्यासारखं. पहिल्यांदा वाटलं, ह्यापेक्षा पेज बरी. आणि तेवढ्यात माझ्या तोंडाला पाणी सुटलं. ताप आल्यापासून तोंड कोरडं ठणठणीत होतं हो, आणि आता लाळ आवरता आवरेना. मी दुसरं मागितलं. इसाबेलनं पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टरांनी समजावलं ते इथं देतो, कारण ते मला फार पटलं. दुधात लोणी असतं तसं ह्या फळाच्या गरातच तेल असतं. पिकून काळं झालं की तेल वाढतं. हिरव्यात कमी असतं, म्हणून दुबळ्या पोटाला ते सोसतं. घामावाटे गेलेलं मीठ मुरवणाच्या पाण्यातून परत मिळतं. झाडावरून तोडलेलं फळ म्हणे कडूजहर असतं, महिनोन् महिने मिठात बसतं तेव्हा कुठं खाण्याजोगं होतं. एवढी तपश्चर्या करून माणसाच्या उपयोगी पडणारं फळ मला तरी दुसरं ठाऊक नाही. "पण हे जेवण नव्हे," त्यांनी बजावलं. "हे जेवणाला बोलावून आणतं. दोन-तीन खा आणि लगेच भात, मासळी खा. पायाला सूज दिसली तर खारट बंद." तुमच्या घरी असा आजारी असेल तर हा शेवटचा शब्द विसरू नका.

निघताना ते सहज म्हणाले, "तुमच्या देवळातलं तेल ह्याच फळाचं असतं."

इसाबेलनं घरी येऊन मोठ्या कौतुकानं ते आईला सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

आईनं बरणी दोन्ही हातांत घेतली, पुसली, आणि घरातल्या आल्तारावर, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यावर, मारियेच्या मूर्तीशेजारी नेऊन ठेवली. पुढे मेणबत्ती लावली. आता त्या बरणीला हात लावायची कुणाची छाती होती? मी खाटेवर पडून माझं औषध लांबून बघत होतो. इसाबेल म्हणाली, "आई, ते खायचंय." आई म्हणाली, "तेलाचं फळ कुणी खातं का गं?" पुन्हा पेज आली. रोज बरणीपुढे मेणबत्ती आणि माझ्यापुढे पेज. इसाबेलच्या नाकी नऊ आले. शेवटी ती पाद्रेंना घेऊन आली.

पाद्रे गोव्याचे, पोटानं आणि मनानं मोठे. आल्तारावरची बरणी बघून ते म्हणाले, "कत्रीनबाय, हे आम्ही गोव्यात जेवताना चवीला खायचो. आणि ते तेल माणसानं मरावं म्हणून लावत नाहीत हो. आजारी उठावा म्हणून लावतात."

 आई जमिनीकडे बघत बोलली. "तुम्ही तेल लावत होता, तेव्हा मी बोलून बसले. म्हटलं, नुसता श्वास ठेव देवा, तो तुझा झाला, मी ह्या जगातलं काही त्याला देणार नाही. आता दिलं आणि त्यानं परत नेला तर?"

मला इतके दिवस आईचा राग येत होता. तो कुठं गेला कळलं नाही.  पाद्रेंनी आशीर्वादासाठी हात वर केला, आणि मी गुडघे टेकायला म्हणून खाटेवरून उतरलो तो सरळ कोसळलो.

इसाबेल धावली, पण आई जवळ होती. तिनं माझ्या पाठीखाली एक हात घातला, गुडघ्यांखाली एक घातला आणि मला उचललं. एकटीनं. मी वासे खांद्यावर वाहणारा माणूस आणि ती म्हातारी, वाकलेली. खाटेवर ठेवायच्या ऐवजी ती तशीच मला धरून उभी राहिली. "पेद्रू," ती म्हणाली, "तू पाळण्यात होतास तेव्हा ह्यापेक्षा जड होतास रे."

मला निजवून ती आल्तारापाशी गेली. मेणबत्ती विझवली, बरणी उघडली, आत बोटं घातली आणि एक फळ माझ्या ओठांना लावलं. 

"खा," ती म्हणाली. "रागावला तर माझ्यावर रागावू दे."

त्या दिवशी आमच्या घरात बोंबलाचं कालवण झालं. चार घास गेले, दुसऱ्या दिवशी सहा. बरणी संपली तेव्हा मी अंगणापर्यंत चालत होतो आणि पुढे पावसाळा संपता संपता रंधा हातात धरला. डॉक्टरांचे उपकार आहेत, इसाबेलचे त्याहून जास्त आहेत, आणि त्या परमुलखातल्या हिरव्या फळाला तर मी आजही हात जोडतो.

आई थकलीय आता. अजून मी जेवायला बसलो की समोर येऊन बसते आणि विचारते, "भूक आहे ना रे?" भूक नसली तरी मी आहे म्हणतो.